डाउनलोड चालू शे

छापलेल्या शब्दावर आमच्या धुळ्याच्या घरमालकांइतका विश्वास ठेवणारा माणूस उभ्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही. लोक देवाधर्माचंसुद्धा सोयीपुरतंच ऐकतात. आमचे घरमालक बिस्किटाच्या पुड्याचंही ऐकत. खोकल्याच्या बाटलीवर 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' एवढं एक वाक्य वाचून त्यांनी एक अख्खा मे महिना स्वतःला आणि घराला छळलं होतं. मे महिन्यात कोरडी जागा म्हणाल तर सगळं धुळंच कोरडं. थंड जागा मात्र घरात एकच, माठाच्या बुडाशी, आणि ती ओली. बाटली माठाखाली ठेवली की कोरडेपणा जाई, कपाटात ठेवली की थंडावा जाई. शेवटी त्यांनी बाटली स्टीलच्या डब्यात घातली, डब्याला वरून फडकं गुंडाळलं आणि ते सगळं गाठोडं माठाच्या तिवईखाली नेऊन बसवलं. तोवर खोकला आपला आपणच बरा झाला होता, पण बाटली त्या मानाच्या जागेवर दिवाळीपर्यंत होती. एकदा मुरंब्याची बरणी उघडली आणि मग तिच्यावरचं 'उघडल्यानंतर लवकर संपवावे' त्यांच्या वाचण्यात आलं. झालं! बरणी आणि चमचा घेऊन ते ओट्यावर उभे राहिले आणि गल्लीतून जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर मुरंबा ठेवू लागले. समोरच्या किराणा दुकानातले मारवाडी शेठ गिऱ्हाईक सोडून तीनदा हात पुढे करून गेले. चौथ्यांदा त्यांनी हात जोडले.

मी तेव्हा धुळ्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नवीनच लागले होते आणि या घराच्या माडीवर एक खोली घेऊन राहत होते. घरमालकांना सगळे नाना म्हणत, म्हणून मीही नाना म्हणू लागले. मी मातीत नेमकं काय बघते, याचा त्यांनी पहिल्याच दिवशी खुलासा मागितला. नत्र, स्फुरद, पालाश असं सगळं मी समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, आणि संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या मंडळींना त्यांनी आपल्या अहिराणीत माझी ओळख करून दिली, "ही मातीनी डाक्टर शे. मातीनी डाक्टर शे."

हे असं दोनदा का, ते सांगायला हवं. नाना जन्मभर बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. नियंत्रण कक्षातल्या माइकपुढे बसून प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, साक्रीकडे जाणारी बस अमुक फलाटावर लागत आहे, असं ते सांगत, आणि सांगितलेलं पुन्हा सांगत, कारण पहिल्या वेळी अर्धे प्रवासी रसाच्या गुऱ्हाळावर असतात. नोकरी संपली तरी ती सवय काही सुटली नाही. "पाणी गरम व्हयनं. पाणी गरम व्हयनं," ही सकाळची पहिली घोषणा माझ्या माडीपर्यंत येई. मग नाना आंघोळीला निघाल्याची घोषणा होई, मग आंघोळ उरकल्याची. एका लग्नात हौसेनं कोणी त्यांच्या हाती माइक दिला, तर त्यांनी नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या पारावरून सुटल्याचं आणि थोड्याच वेळात मांडवाच्या पूर्वेच्या दाराशी लागणार असल्याचं असं काही खणखणीत सांगितलं, की चार म्हाताऱ्या पिशव्या सावरून उठून उभ्या राहिल्या. फक्त घरात अक्कांपुढे, म्हणजे त्यांच्या बायकोपुढे, हे चालत नसे. अक्का शांत बाई, पण कान तिखट. लग्न होऊन आल्या आल्याच त्यांनी बजावलं होतं म्हणे, "मी काय फलाटवर हुभी शे का? माले एकच डाव सांगत जा." तेव्हापासून नाना सगळ्या जगाशी दोनदा बोलत आणि अक्कांशी एकदा. स्वयंपाकघरातून त्यांचा एकेरी आवाज आला की समजावं, आत अक्का आहेत.

पुढे माझं लग्न झालं, बदली जळगावला झाली आणि माडी रिकामी झाली. त्यानंतर अक्का गेल्या. मुलगा नोकरीसाठी सुरतेला, तिकडेच त्याचं बिऱ्हाड. खाली नाना एकटे राहिले. मुलानं त्यांना सुरतेला चला म्हणून आग्रह केला, तर ते आठ दिवस जाऊन आले आणि म्हणाले, तिथे सगळे कामाला जातात आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये 'गरज नसताना वापर टाळा' असं लिहिलेलं आहे. त्यांना तर खाली उतरायची गरज कधी पडलीच नाही, म्हणून ते वरच बसून राहिले. मुलानं बापाला एक मोठ्या पडद्याचा मोबाइल घेऊन दिला आणि धुळ्याच्या गाडीत बसवलं.

तो मोबाइल म्हणजे नानांचा नवा नियंत्रण कक्ष. दुपारी जेवणाच्या वेळेला ते आरामखुर्चीत बसत, फोन कानाला न लावता माइकसारखा तोंडापुढे धरत आणि एकेकाला लावत सुटत. साक्रीला एक जुने ड्रायव्हर मित्र, शिंदखेड्याला अक्कांची धाकटी बहीण, सुरतेला मुलगा, जळगावला मी, शिवाय कुठल्या कुठल्या जमान्यातले कंडक्टर. प्रत्येकाला एकच प्रश्न, "जेवण व्हयनं का? व्हयनं का?" आपण हो म्हणायचं की फोन बंद! 'तुमचं झालं का' असं उलटून विचारायला कुणाला फटच मिळत नसे, कारण घोषणा करणारा माणूस उत्तराला थांबत नाही, त्याला पुढची गाडी असते. आमच्या प्रयोगशाळेत माझा फोन वाजला की सगळ्या जणी हात धुवायला उठत. नवरा मला चिडवायचा, "तुझे सासू-सासरे विचारत नाहीत इतकं हे घरमालक विचारतात." मी वैतागायचेही. मीटिंग चालू आहे, साहेब पालाशच्या आकड्यांवर बोलत आहेत, आणि पिशवीतून तो फोन थरथरतोय. नाही उचलला तर फोनमधली बाई नानांना सांगे, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा. आणि नाना तर सूचनेचे पक्के! ते थोड्या वेळाने प्रयत्न करतच. त्या बाईविषयी त्यांना व्यवसायबंधूची आपुलकी होती. "आवाज चांगला शे बाईना," ते मला एकदा म्हणाले, "पन मानूस कवय भेटी ते सांगत नही. वेळ सांगाले पाहिजे."

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तो फोन आलाच नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या जणी डबे पुढ्यात घेऊन उगाच बसून राहिलो, आणि कोणीतरी म्हणालं, "अजून वाजला नाही का?" मग मी लावला. बाईनं सांगितलं, फोन बंद आहे. संध्याकाळी लावला, सकाळी लावला, डबा उघडताना लावला, बंद. शेठचा नंबर माझ्याकडे नव्हता, सुरतेचा तर मुळीच नाही. अन्न गोड लागेना. एकटा माणूस, न्हाणीघरात पाय घसरला असेल तर? सुटी येताच मी सकाळची धुळे गाडी पकडली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि सगळा वेळ मी मनातल्या मनात नको ते बघत होते.

गल्लीत शिरले तर शेठ गल्ल्यावर बसलेले. मी काही विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं, "ठीक आहेत, ठीक आहेत. दूध नेतात, पेपर नेतात. पण ओट्यावर बसत नाहीत, ताई. परवा लाइट गेली तर थाळीत मोबाइल ठेवून आले माझ्याकडे, इन्व्हर्टरला लावायला. मी म्हटलं, नाना, हा बिघडला आहे. तर म्हणे, बिघडला नाही, चालू आहे. दोन तास तिथे पोत्यावर बसून होते, गिऱ्हाइकाला हात लावू देईनात."

दार लोटलेलंच होतं. आत गेले तर नाना आरामखुर्चीत ताठ बसलेले, समोर स्टूल, स्टुलावर धुतलेला नॅपकिन, नॅपकिनवर फोन, आणि फोनला चार्जरची वायर. पडद्यावर निळा-हिरवा उजेड आणि इंग्रजीत एक ओळ: डाउनलोडिंग, डू नॉट टर्न ऑफ टार्गेट!!

"नाना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"हळूच," ते म्हणाले. "हात नको लावू. डाउनलोड चालू शे. डाउनलोड चालू शे."

"काय डाउनलोड होतंय?"

"ते नही लिखेल. चालू शे, बंद नका करू, इतलंच लिखेल शे. म्हनीसन बठ्ठे दिन चार्जर लाई ठेवेल शे."

मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून पाणी प्यायले. मग त्यांच्याकडून एकेक प्रकार काढून घेतला. फोनचं जुनं कव्हर सैल झालं होतं, ते निसटू नये म्हणून नानांनी त्यावर दोन जाड रबरबँड चढवले होते. ते नेमके आवाज कमी-जास्त करायच्या बटणांवर बसले आणि दोन्ही बटणं दाबून राहिले. त्यात चार्जरच्या खोक्यावर म्हणे बारीक अक्षरात लिहिलं होतं की शक्यतो फोन बंद करून चार्ज करावा. जगात ती ओळ वाचणारा आणि तिच्याप्रमाणे वागणारा एकच माणूस होता. त्यानं फोन बंद केला, वायर लावली, आणि फोनला वाटलं कंपनीचा कारागीरच आला आहे, आपली आतली दुरुस्ती करायला! त्यानं दुरुस्तीचा दरवाजा उघडला आणि सावधगिरीची सूचना देऊन विचारलं: पुढे जायचं का रद्द करायचं? रद्द केलं असतं तर तिथेच सगळं मिटत होतं.

"मग रद्द का नाही केलं, नाना?"

नाना थोडे ओशाळले. "रद्द म्हनाले माले कवयच बरं नही वाटनं, माय. लोके पोरंसोरं लिसन हुभे ऱ्हातस, पिशव्या लिसन. त्यास्ले गाडी रद्द शे म्हनीसन सांगनं..." ते थांबले. "मी 'पुढे जा' दाबं."

आणि फोन पुढे गेला तो तिथेच अडकला. दुरुस्तीच्या त्या दारात तो कंपनीच्या माणसाची वाट बघत उभा होता, आणि त्याच्यापुढे नाना डाउनलोड संपण्याची वाट बघत बसले होते. 'टार्गेट' म्हणजे नक्की कोण, हे त्यांना कळलं नव्हतं. फोन असेल किंवा आपणही असू, असं समजून ते स्वतःही घरातून फारसे हलले नव्हते. पण त्यांचा जीव फोनमध्ये नव्हताच. त्यांना घोर लागला होता तो लोकांचा.

"लोके काळजीमा व्हतीन," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मी फोन करना नही म्हनीसन बठ्ठास्नी लावा व्हई. आनि ती बाई बठ्ठास्ले सांगत व्हई, बंद शे, बंद शे. लोके घाबरी जातस. साक्रीवाला तं गाडी करीसन यी लागी."

मी माझ्या फोनवर शोधलं. उपाय अगदी साधा निघाला: आवाज कमी करायचं बटण आणि चालू-बंदचं बटण, दोन्ही एकदम दाबून धरायची, पडदा काळा होईपर्यंत. आतलं काही पुसलं जात नाही. मी हात पुढे केला, तर नानांनी स्टूलच मागे ओढलं. "बंद नका करू लिखेल शे!" मी समजावलं, विनवलं, चिडले. ज्या माणसानं आयुष्यात 'फुलं तोडू नका' या पाटीशेजारचं गळून पडलेलं फूलही उचललं नाही, तो माझ्या सांगण्यावरून उद्गारचिन्हांसकट छापलेली सूचना मोडणार होता होय? शेवटी मी नोकरीतल्या माणसाशी नोकरीतल्या माणसासारखी बोलले.

"नाना, तुमच्या स्थानकात आधी एक परिपत्रक यायचं, मग त्याच्या उलट दुसरं यायचं. तुम्ही कोणतं पाळायचे?"

"नंतरनं," ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "नंतरनं परिपत्रक उनं म्हंजे पहिलं रद्द." आणि तो शब्द आपल्या तोंडून गेल्याचं लक्षात येऊन त्यांनी ओठ मिटले.

"मग हे बघा, नंतरचं." मी माझा फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, लावला, ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "खाले सही कोनी शे?"

"माझी समजा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी सरकारी नोकरीत आहे, ही गोष्ट बहुधा त्यांच्या मनात आली असावी. त्यांनी फोन उचलला, रबरबँड हलकेच काढून नॅपकिनवर ठेवले आणि म्हणाले, "मी दाबस. तू वर बोट ठेव." मी त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवून दाबलं. पडदा काळा झाला. तो काळोख जरा जास्तच वेळ राहिला आणि मलाही वाटलं की मेला फोन, आता यांना काय तोंड दाखवू! तेवढ्यात फोन थरथरला, कंपनीचं नाव उजळलं आणि सुरू होण्याची ती छोटीशी धून वाजली. स्थानकात उशिराची गाडी शिरली की लोक जसे उठतात तसे नाना उठून उभे राहिले.

मग फोननं पिन मागितला. 'आपला पिन कोणालाही सांगू नका' ही तर साक्षात बँकेची सूचना. नानांनी माझ्याकडे पाठ केली, मग भिंतीवर अक्कांचा फोटो होता तिकडेही पाठ येईल असे ते कोपऱ्यात वळले आणि छातीशी धरून आकडे दाबले.

वळले तेव्हा फोन टिंगटिंग वाजू लागला होता. बंद असताना कुणाकुणाचे फोन येऊन गेले, त्याचे निरोप एकामागून एक उतरत होते. नानांचा चेहरा फुलला. "देख, देख कितला!" ते म्हणाले, आणि खुर्चीत बसून, फोन तोंडापुढे धरून, सवयीनं खणखणीत वाचू लागले. "मातीवाली माय जळगाव. मातीवाली माय जळगाव." ती मी. "मातीवाली माय जळगाव." मग एक रिचार्जची जाहिरात. "मातीवाली माय जळगाव." मग कर्ज देणाऱ्या कुणाचा निरोप. पुन्हा मी. त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. त्यांनी यादी शेवटपर्यंत नेली, पुन्हा वर आणली, पुन्हा खाली नेली. निरोप यायचे थांबले होते. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते मला सुचेना.

"सुरतनी गाडी नही लागनी अजून," नाना म्हणाले.

यात कुणी वाईट नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. जो माणूस रोज न चुकता फोन करतो, त्याला कुणी फोन करत नाही. तशी वेळच येत नाही. आपलं जेवण झालं का ते विचारायला दुपारी त्याचा फोन येतोच, आणि नाही आला तर आज विसरला असेल असं म्हणून माणूस भाकरी मोडतो. पण त्या खोलीत, त्या नॅपकिनसमोर, हे शहाणपण काही कामाचं नव्हतं. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि नानांना जवळ घ्यावंसं वाटलं. तसं आपल्याकडे कुणी घेत नाही, म्हणून मी चहा ठेवला.

चहा होईपर्यंत नानांनी फोन लावायला सुरुवात केली होती. लोकांची काळजी दूर करायला नको का! साक्रीचा मित्र म्हणाला, "अरे नाना! किती फोन लावले तुला, बोटं दुखली!" शिंदखेड्याची मेहुणी म्हणाली की मी तर नवस बोलले होते. नाना प्रत्येकाला सांगत होते, "घाबरू नका. डाउनलोड चालू व्हतं. आते संपनं." सगळ्यात शेवटी सुरत. मुलगा कुठल्याशा गडबडीत होता, मागे यंत्रांचा आवाज होता. "काय सांगता पप्पा? मला वाटलं नेटवर्क नसेल. मी रविवारी लावणारच होतो." त्याचा आवाज खरा होता. नानांनी त्याला जेवण झालं का विचारलं, दोनदा, आणि फोन ठेवला.

"साक्रीवाला खोटं बोलना," ते चहाची बशी हातात घेत म्हणाले. "शिंदखेडावालीनीबी खोटंच सांगं. पन माले बरं वाटो म्हनीसन बोलनात ना? तेबी कोन बोलस?" मग बराच वेळ ते बशीत फुंकर घालत राहिले. "पोरगा लावनार व्हता," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "लावनार व्हता."

मी निघाले तेव्हा ते स्थानकापर्यंत आले. वाटेत त्यांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "ते परत कसं व्हस? म्हंजे व्हवाले नको, म्हनीसन इचारी ऱ्हायनू." मी सांगितलं, रबरबँड लावू नका, बंद फोनला बटणं दाबलेली ठेवून वायर लावू नका, आणि झालंच तर पुढे जा म्हणू नका. त्यांनी एकेक गोष्ट मान डोलवत ऐकली. माझ्या गाडीची घोषणा झाली तेव्हा त्यांनी कान टवकारून ती ऐकली आणि मान हलवली. माइकवरचा नवा पोरगा चांगला बोलतो, म्हणाले, पण एकदाच बोलतो.

दुसऱ्या दिवसापासून डबा उघडायची घंटा पुन्हा वाजू लागली. मी आता पहिल्याच कंपनाला फोन उचलत असे, साहेब पालाशवर बोलत असले तरी. हिवाळा सरला, उन्हं चढू लागली. आणि एका दुपारी पुन्हा फोन नाही. मी लावला. बाई म्हणाली, बंद आहे. या वेळी मला तसली भीती काही वाटली नाही; का कोण जाणे, नाहीच वाटली. तरी सुटी येताच मी गाडीत बसले. घरून निघताना नवऱ्यानं डब्यात वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी भरून दिल्या आणि काही चिडवलं नाही.

गल्लीत शेठनी मला लांबूनच हात केला. नाना ओट्यावर उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, भांग पाडलेला, पायात चपला. मला बघताच ते घाईनं आत गेले, आणि मी दारात पोहोचले तेव्हा आरामखुर्चीत, फोनपुढे, चिंताग्रस्त बसलेले होते. स्टुलावर नॅपकिन, नॅपकिनवर फोन, पडद्यावर तोच निळा-हिरवा उजेड. फोनवर दोन्ही रबरबँड, जागच्या जागी, अगदी सरळ बसवलेले. स्वयंपाकघरात गॅसजवळ दोन कपबश्या विसळून पालथ्या घातलेल्या दिसत होत्या.

"आपोआप व्हयनं," माझ्या नजरेला नजर न देता ते म्हणाले. "आपोआप व्हयनं."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि फोन हातात घेतला. रबरबँड काढले, बोटं बटणांवर ठेवली. एवढं दाबलं की झालं होतं. फोन सुरू झाला असता, निरोप टिंगटिंग उतरले असते, मातीवाली माय, मातीवाली माय, आणि मग ती यादी त्यांनी पुन्हा एकदा खालीवर केली असती. मी बोटं उचलली आणि फोन होता तसा नॅपकिनवर ठेवून दिला.

"होऊ दे डाउनलोड," मी म्हटलं. "मला संध्याकाळची गाडी आहे."

नानांनी मान हलवली. त्यांच्या खांद्यांवरचा ताठा जरा सैल झाला. आम्ही दोघं थोडा वेळ त्या निळ्या उजेडाकडे बघत बसलो. बाहेर शेठच्या दुकानात कुणीतरी गूळ मागत होतं, लांबून स्थानकावरच्या पोराची घोषणा अस्पष्ट ऐकू येत होती. मी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, आणि भरिताचा वास त्या खोलीभर पसरला. इतक्या वर्षांत मला कधी फटच मिळाली नव्हती. आज फोन बंद होता, पुढची गाडी नव्हती.

"नाना," मी विचारलं, "तुमचं जेवण झालं का?"

ते गोंधळले. उत्तर द्यायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"नही," ते म्हणाले. एकदाच म्हणाले.

मी त्यांच्यासाठी ताट घेऊन आले.